ही तुमची कोण?

शाल माझ्या खांद्यावर टाकता टाकता उपासनीसाहेब कानाशी पुटपुटले, "वहिनी, पाच-दहा मिनिटं बोला. फक्त तिकडच्या हालअपेष्टांवर जरा भर द्या. लोकांना तेच ऐकायचंय."

हालअपेष्टांवर भर! मी जशी काही मिसळ वाढत होते आणि यांना तर्री जास्त हवी होती. मी नारळ हातात घेतला, हसल्यासारखं केलं आणि खुर्चीत बसले. शेजारच्या खुर्चीत आमचे हे, त्यांच्याही अंगावर तसलीच शाल. मे महिन्यातला रविवार, सोसायटीच्या हॉलवर पत्रा, आणि आम्ही नवरा-बायको लोकरी शाली पांघरून घामाने निथळतोय. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळी बिल्डिंग बसलेली, मागच्या टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवलेले.

सुदानात लढाई पेटली आणि आम्ही नेसत्या वस्त्रानिशी परत आलो, त्याला जेमतेम महिना झाला होता. त्याआधी आठ वर्षं आम्ही तिकडे होतो. हे सांगलीकडचे, साखर कारखान्यातच आयुष्य गेलेले. तिथल्या कारखान्यांची यंत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीने बोलावलं, म्हणून हे गेले आणि यांच्या मागे मीही गेले. राहायला ओमदुरमानला होतो. नाईल नदीच्या एका काठाला खार्तूम, तर दुसऱ्या काठाला हे शहर. पुण्यातला हा फ्लॅट म्हातारपणाची सोय म्हणून आधीच घेऊन ठेवलेला होता. सोसायटीने आमचा सत्कार ठरवला तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? आपली माणसं दखल घेतायत असं वाटलं.

उपासनीसाहेब अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, चार माणसांत बोलतानाही समोर मैदान असल्यासारखे बोलणार.

"मित्रहो, स्थैर्य!" त्यांनी सुरुवात केली. "स्थैर्य म्हणजे काय, हे आपल्याला कळत नाही, कारण ते आपल्याला आयतं मिळालंय. शिणगारे दांपत्याला विचारा. एक तो देश. सकाळी उठल्यावर सरकार कुणाचं याचा पत्ता नाही. वीज नाही, पाणी नाही, कायदा तर नाहीच नाही. आणि एक आपला देश. नळाला पाणी, गेटवर सिक्युरिटी, आणि सगळं कसं नियमाने!"

टाळ्या पडल्या. 'नियमाने'ला सगळ्यात जास्त.

मग मी उठले. मला भाषण करता येत नाही, पण तुलना करायला सांगितलीच आहे तर ती प्रामाणिकपणे करावी, असं मला वाटलं. म्हटलं, साहेब बोलले त्यात खोटं काही नाही. तिकडे पावासाठी पहाटेपासून रांगा लागतात. वीज आली की गल्लीतली पोरं लग्न असल्यासारखी ओरडतात. आम्ही असताना सरकारं उलटली. पूल बंद केले की शहराचे दोन तुकडे होतात. आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई बाळंतपणाला निघाली ती दवाखान्यात पोचलीच नाही, कारण मध्ये बंदूकवाल्यांनी रस्ता अडवला होता. दोन सेनापतींच्या खुर्चीच्या हव्यासापायी त्या लोकांची राखरांगोळी झाली, आणि त्या दोघांना मी रोज सकाळी दात घासताना शिव्या घालते.

"इथे रात्री दिवा मालवताना सकाळी सगळं जागच्या जागी असेल, याची खात्री असते," मी म्हटलं. "ही फार मोठी गोष्ट आहे. ती मी जन्मात कमी लेखणार नाही."

पुन्हा टाळ्या. आता मला तिकडच्या शेजारणीबद्दल, नफीसाबद्दल सांगायचं होतं. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच मी सत्काराला हो म्हटलं होतं. पण मी श्वास घेईपर्यंत उपासनीसाहेब उठून उभे राहिले होते.

"वा वहिनी! मोजकं आणि मार्मिक. आता याच्याशीच निगडित असा एक विषय आहे, तो घेऊ. लोणकरबाई, वाचा."

लोणकरबाई सोसायटीच्या सचिव. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली, तेव्हा मला कळलं की सत्कार ही नुसती सुरुवात होती. खरी सभा पुढेच होती. विषय होता, सोसायटीत यापुढे परदेशी विद्यार्थ्यांना राहू न देणे, आणि सध्या तिसऱ्या मजल्यावर राहत असलेल्या विद्यार्थिनीला महिनाअखेर जागा सोडायला सांगणे.

तिसऱ्या मजल्यावर म्हणजे आमच्या घरात. आणि विद्यार्थिनी म्हणजे विजदान.

विजदान नफीसाची मुलगी. नफीसा ओमदुरमानची आमची शेजारीण, दोघींच्या अंगणात एक भिंत. शाळेत शिकवायची, नवरा वारलेला, पदरात ही एकुलती एक. पुण्यात सुदानी मुलं पुष्कळ शिकतात. विजदानला इथे फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा मीच म्हटलं, आमचं घर रिकामं पडलंय, कुलूप बघायला तरी कुणी असू दे. परदेशी माणूस ठेवायचा तर पोलिसांत नोंद लागते, म्हणून कागदावर तिला भाडेकरू केलं. तीन वर्षांत पोरगी मराठी शिकली, भाकरी थापायला शिकली, मला मावशी म्हणायला लागली. आम्ही परत आलो तेव्हा विमानतळावर तीच न्यायला आली होती. गळ्यात पडली, आणि पहिला प्रश्न केला, "यम्मा कशी आहे?" आईला ती यम्मा म्हणायची. आम्ही निघालो तेव्हा बरी होती, एवढंच मी सांगू शकले. त्या दिवसापासून नफीसाचा फोन लागत नव्हता. पोरगी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची आणि घास हातात धरून त्याच्याकडे बघत बसायची.

"तिच्या वागण्याविषयी तक्रार काय आहे, ते तरी कळू दे," मी बसल्या जागेवरून म्हटलं.

"तक्रार अशी की तिने गेटबाहेर माठ ठेवलाय," लोणकरबाई म्हणाल्या.

"हो. पाण्याचा."

"पाण्याचाच. पण दिवसभर तिथे डिलिव्हरीवाले, रिक्षावाले, कचरा वेचणाऱ्या बायका, कोण कोण येऊन उभं राहतं! सावलीत टेकतात काय, गप्पा मारतात काय. आपल्या गेटची एक शिस्त आहे. उद्या त्यांच्यातलाच कुणी आत शिरला तर?"

माठाची गोष्ट मला ठाऊक होती. तिकडे घराबाहेर, झाडाखाली, रस्त्याच्या कडेला मातीचे मोठे रांजण भरून ठेवायची रीत आहे. ज्याला तहान लागेल त्याने प्यावं आणि पुढे जावं. कुणाचा रांजण, कोण भरतो, कुणी विचारत नाही. लढाई सुरू असतानाही गल्लीतले रांजण कुणी रिकामे पडू दिले नव्हते. विजदानने पुण्यातला उन्हाळा बघितला, गेटबाहेरच्या करंजाखाली माठ आणून ठेवला, ओलं फडकं गुंडाळलं आणि रोज कॉलेजला जाण्याआधी भरायला लागली. पाणी ठेवायला कुणाची परवानगी लागते, हे तिला सुचलंच नाही. तिच्या जागी कुठल्याच सुदानी माणसाला सुचलं नसतं.

"माठ उचलायला लावते मी," मी म्हटलं. बोलताना माझी मलाच लाज वाटली. "मिटला विषय."

"माठ हे निमित्त आहे, वहिनी," उपासनीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. तो समजुतीचा सूर ऐकला की माझ्या डोक्याची शीर तटतटते. "मूळ प्रश्न मोठा आहे. आत्ताच तुम्ही तिथली परिस्थिती इतक्या उत्तम रीतीने सांगितलीत. अशा देशातली मुलगी. उद्या तिचे भाऊबंद आसरा मागत इथे येतील. परवा व्हिसाची भानगड निघेल. पोलिस येतील. आपण शांतताप्रिय माणसं. दुसऱ्याच्या देशातली अस्थिरता आपण आपल्या जिन्यात का आणायची?"

माझेच शब्द उचलून त्यांनी त्या पोरीच्या टाळक्यात घातले होते. मघाशी त्यांनी हालअपेष्टांवर भर द्यायला का सांगितलं, तेही मला आता कळलं. मी बोलत होते तेव्हा माना डोलावणारी तीच माणसं आता या माणसाकडे बघून माना डोलावत होती.

"तिने जायचं कुठे?" मी विचारलं.

"वसतिगृहं आहेत की."

"सुट्टीची बंद आहेत."

"मग सुट्टीपुरती घरी जाऊ दे."

"कुठल्या घरी? अहो, आत्ता मी इथे उभी राहून काय सांगितलं? तुम्ही टाळ्या कशाला वाजवल्यात मग?"

कुणीतरी मागून म्हणालं, "वहिनी चिडल्या." दोघं-तिघं हसले. चिडलेल्या बाईला हसून घेतलं की तिच्या म्हणण्याला उत्तर द्यावं लागत नाही. ही सोय मात्र सगळ्या देशांत सारखीच आहे.

उपासनीसाहेबांनी हात वर करून शांत केलं आणि माझ्याकडे न बघता यांच्याकडे वळले.

"शिणगारेसाहेब, तुम्ही इतका वेळ गप्प आहात. घर तुमच्या नावावर आहे, तुम्हीच काय ते सांगा. ही मुलगी तुमची कोण?"

मी यांच्याकडे बघितलं. हे शालीच्या दशा बोटाला गुंडाळत होते. परत आल्यापासून हे असेच झाले होते. खाली कुणी गाडीचं दार आपटलं तरी दचकायचे. कुणाशी वाद नको, कुणाच्या डोळ्यांवर यायला नको, हेच दिवसभर चाललेलं. मला ते सगळं दिसत होतं. तरी मला वाटलं, या प्रश्नाला तरी माणूस मान वर करून उत्तर देईल.

"भाडेकरू आहे," हे म्हणाले. "करार संपतोय तिचा पुढच्या महिन्यात. जाईल ती."

उपासनीसाहेबांनी दोन्ही हात पसरले. बघा, असं त्या हातांचं म्हणणं होतं. लोणकरबाईंनी पेन उघडलं.

मला आयुष्यात राग पुष्कळ आला आहे. माझा स्वभावच तसा आहे, माहेरी मला तापलेला तवा म्हणायचे. पण त्या क्षणी जो आला तो वेगळा होता. उपासनी कोण, लोणकर कोण? त्यांनी नफीसाला बघितलं नव्हतं. यांनी बघितलं होतं.

मी उठले आणि ती शाल काढून खुर्चीवर टाकली. उकडत तर होतंच.

"साहेब, माझं भाषण अर्धवट राहिलंय," मी म्हटलं. "हालअपेष्टांवर भर द्यायचा होता ना? देते."

"वहिनी, वेळ फार झाला..."

"वडे कुठे पळून चाललेत? बसा."

ते बसले. मी बोलले ते हॉलसाठी नव्हतं. मी यांच्याकडे बघून बोलत होते.

"लढाई सुरू झाली ती रमजानच्या शेवटच्या दिवसांत. आमच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा नफीसाने भिंतीवरून हाका मारून आम्हाला तिच्याकडे बोलावलं. तिच्या घरात पाणी थोडं, पीठ थोडं. तिचा रोजा असायचा. दिवसभर ती पाण्याचा थेंब घ्यायची नाही, आणि दुपारी आमच्यासाठी चूल पेटवायची. एकदा दुपारी दारावर लाथा बसल्या. बंदूकवाले परदेशी माणसं शोधत होते. परदेशी म्हणजे गाडी असणार, डॉलर असणार, नाहीतर ओलीस धरायला बरे. नफीसाने मला तिचं लुगड्यासारखं अंगभर गुंडाळायचं वस्त्र गुंडाळलं, डोक्यावरून ओढून घेतलं आणि चुलीपाशी बसवलं. यांना मात्र लपवायला जागा नव्हती. हे ओसरीत बाजेवर पडले होते, अंगात ताप. यांना तिने एकच सांगितलं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही."

शालीच्या दशा गुंडाळणारं यांचं बोट थांबलं.

"ते चौघे होते. विशी-बाविशीची पोरं. एकाने यांच्याकडे बोट केलं आणि नफीसाला विचारलं, हा तुझा कोण?"

हे खाली बघत होते.

"नफीसा म्हणाली, माझा भाऊ. जन्मापासून मुका आहे. त्या पोराला पटलं नाही. त्याने बंदुकीची नळी तिच्या छातीला लावली. म्हणाला, अल्लाची शपथ घेऊन सांग. ती रोज पाच वेळा नमाज पढणारी बाई. उपाशी, रोजा धरलेली. त्या महिन्यात खोटं बोलणं म्हणजे तिच्या लेखी काय पाप असेल, हे मला नीट सांगताही येणार नाही. ती म्हणाली, अल्लाची शपथ, माझा भाऊ आहे. याला न्यायचं असेल तर आधी मला गोळी घाल."

"मग?" पुढच्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं.

"मग गेले ते. जाताना पीठ घेऊन गेले. ईद झाली, सगळ्या जगाचे रोजे सुटले, आणि ही बाई पुन्हा उपास करायला लागली. मी विचारलं, आता कशाचे? म्हणाली, खोट्या शपथेचं प्रायश्चित्त. आम्हाला बंदराच्या बसमध्ये बसवायला आली तेव्हाही तिच्या पोटात अन्न नव्हतं. बस सुटताना तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, विजदान तुमच्याकडे आहे, म्हणून मला झोप लागते."

मी यांच्याकडे वळले.

"तिथे मुकं राहून जीव वाचला, अहो. इथे कुणाच्या छातीवर बंदूक नव्हती. पंखा चालू होता, अंगावर शाल होती. इथे तुम्ही तोंड उघडलंत, ते हे सांगायला?"

यांनी मान वर केली नाही.

मला वेडीला वाटलं, झालं, आता हॉलमधलं कुणीतरी उठेल. एक तरी उठेल. एक-दोन बायकांनी डोळे पुसलेही. मग उपासनीसाहेबांनी घसा साफ केला.

"वहिनी, नफीसाबाई थोरच. प्रश्नच नाही. हवं तर आपण त्यांच्या अभिनंदनाचा एक ठराव करू."

"अभिनंदनाचा?"

"हो ना. आणि तो लोणकरबाई त्यांना मेलही करतील. पण वहिनी, तिकडची गोष्ट वेगळी. तिथे नियम असे उरलेलेच नाहीत, तिथे माणूस भावनेच्या भरात काहीही करू शकतो. इथे आपली एक व्यवस्था आहे. घरमालकांनी स्वतः सांगितलंय की ती भाडेकरू आहे आणि जाणार आहे. मग अडचण कुठे येते? तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांविषयीचा जो ठराव आहे, त्याच्या बाजूने जे असतील, त्यांनी कृपया हात वर करावेत."

नफीसाने जीव पणाला लावला, तो उपासनींच्या मते तिथे नियम उरले नव्हते म्हणून!

हात वर व्हायला लागले. आधी पुढच्या रांगेतले, मग इकडेतिकडे बघून मागचे. ज्या बायकांनी डोळे पुसले होते, त्यांनी तोच रुमाल मुठीत धरून हात वर केला. आमच्या समोरच्या दारातल्या आजोबांचाही हात वर होता. विजदान त्यांना रक्तदाब मोजून द्यायची. यांचा हात तेवढा मांडीवर होता, बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. लोणकरबाई उभ्या राहून हात मोजायला लागल्या.

तेवढ्यात दारात विजदान आली.

तिला कुणी बोलावलं नव्हतं. मावशीचा आणि काकांचा सत्कार आहे, एवढंच तिला माहीत होतं, म्हणून सकाळपासून स्वयंपाकघरात खपून तिने तिच्याकडचं सरबत केलं होतं. आपल्या अंबाडीची लाल बोंडं असतात ना, त्याचंच, थंडगार, लालभडक. दोन्ही हातांत मोठा ट्रे, ट्रेमध्ये ग्लासांच्या रांगा, आणि चेहऱ्यावर हसू. हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. गोंधळले असतील किंवा ओशाळले असतील, हात खाली घ्यायचं मात्र कुणाला सुचलं नाही. सगळेच्या सगळे हात वर करून तिच्याकडे बघत राहिले.

तिचं हसू पुसलं गेलं. ती आधी त्या हातांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझे डोळे लाल झालेले, शाल खुर्चीवर टाकलेली. तिने ट्रे दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर सावकाश ठेवला. सरळ उभी राहिली. मग स्वतःचे दोन्ही हात छातीसमोर उचलले, तळवे वर, आणि तिचे ओठ हलायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज नव्हता.

काय झालं ते हॉलमध्ये कुणालाच कळलं नाही. मला कळलं. मी आठ वर्षं तिथे काढली होती. तिथे कुणाच्या घरी माणूस गेलं की लोक सांत्वनाला येतात. येणारा दारात उभा राहून असे हात उचलतो, बसलेले सगळे आपापले हात उचलतात, आणि मेलेल्यासाठी प्रार्थना म्हणतात. तिच्यासाठी दारात उभं राहिल्यावर समोर वर झालेल्या हातांचा अर्थ एकच होता. आईचा फोन लागत नव्हता. आणि आज तिकडून कुणाचा तरी निरोप आला असणार, असं तिला वाटलं.

मी खुर्च्या ढकलत धावले. तिचे दोन्ही हात धरले.

"नाही गं! कुणी गेलेलं नाही. यम्मा गेलेली नाही. तसं काही नाही, बाळा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "खरं सांग, मावशी."

"तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

तिने खोल श्वास घेतला. ओढणीने तोंड पुसलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत तिने विचारलं, स्वच्छ मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मग या सगळ्यांनी हात कशाला वर केलेत?"

आता हात खाली आले. भराभर आले.

"सांगा ना, उपासनीसाहेब," मी म्हटलं. "मराठी कळतं तिला. सांगा."

उपासनीसाहेब पंख्याकडे बघायला लागले. त्यांचा तो भारदस्त आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. लोणकरबाई पेनचं टोपण शोधत होत्या. समोरचे आजोबा चष्मा पुसत होते.

"लोणकरबाई, तुम्ही वाचून दाखवा. मघाशी छान वाचलंत."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. हे उठले होते.

"तू इथे राहू नयेस म्हणून, विजदान," हे म्हणाले. "तुला घालवायचं आहे आम्हाला. म्हणून हात वर केलेत."

आम्हाला म्हणाले हे. 'या लोकांना' नाही, 'आम्हाला'. तेवढा शब्द मी यांच्या खात्यावर जमा धरते.

विजदानने यांच्याकडे बघितलं, मग हॉलकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि ती हसली. डोळे भरलेलेच होते, नाक लाल झालेलं, आणि ती अगदी मनापासून, छातीवरचं ओझं उतरल्यासारखी हसली.

"एवढंच?" ती म्हणाली. "मला वाटलं, यम्मा गेली."

मग तिने ट्रे उचलला आणि सरबत वाटायला लागली.

ठराव राहिला तो राहिलाच. पुढच्या सभेत कुणी तो काढला नाही. लाज वाटली म्हणून नव्हे, हे मी खात्रीने सांगते. पुन्हा तसला प्रसंग नको म्हणून. नफीसा जिवंत होती, पण तिचा फोन लागायला पुढे दीड महिना गेला. विजदान शिक्षण पुरं होईपर्यंत आमच्याच घरात राहिली, आणि आता मायलेकी कैरोला असतात. त्या सभेला आता काही वर्षं झाली. आजही जिन्यात भेटले की उपासनीसाहेब विचारतात, "काय म्हणते आपली सुदानची मुलगी?" आपली! मी उत्तर देत नाही. एवढं उद्धट वागायचा हक्क मी कमावला आहे.

त्या दिवशी ती पहिल्या रांगेपासून सुरू करून एकेकापुढे ट्रे धरत गेली. "घ्या ना काका. घ्या काकू, थंड आहे." आणि ज्यांनी हात वर केले होते, त्यांनी त्याच हातांनी ग्लास उचलले. मला वाटलं होतं, कुणाला तरी ते घेववणार नाही. सगळ्यांना घेववलं. उकडत होतं, तहान लागली होती, प्यायले. उपासनीसाहेबांनी तर ग्लास संपवून विचारलं, "छान आहे हो, कशाचं?" तिने नीट समजावून सांगितलं, बोंडं कशी वाळवायची, किती वेळ भिजवायची. मी त्या हॉलमध्ये एकेकाचा गळा बघत होते. गटागटा घोट उतरत होते. कुणाच्या एकाच्या घशात तरी तो अडकावा, एवढीच माझी इच्छा होती.

अडकला तो फक्त यांच्या. एका घोटावर थांबलेला ग्लास हातात तसाच, आणि हे उभ्या उभ्या रडत होते.